साठ लाख कोठे घालावेत : छपरावर, भट्टीत की वाळूत?

नमस्कार. उत्तर आपल्याच आकड्यांवर उभे करायचे असल्यामुळे आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील आपल्या फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) महिन्याला सुमारे २०० टन ग्रे आयर्नचे (करड्या ओतीव लोखंडाचे) कास्टिंग बाहेर पडते. भट्टीच्या ५५० किलोवॉटच्या एका वीज-पॅनेलवर लोखंड वितळवण्याची एक टनाची दोन क्रुसिबल (भांडी) आहेत, साच्याची वाळू बेंटोनाइट या मातीने बांधलेली आहे आणि काही कोअर (मालातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) शेल, म्हणजे रेझिनच्या, पद्धतीचे आहेत. मोठ्या गिऱ्हाइकाने प्रश्नावली पाठवून किलोमागे कार्बन किती, सौर किंवा पवन विजेचा वाटा किती आणि टाकाऊ वाळू किती, असे विचारले आहे. हाताशी ६० लाख रुपये आहेत; त्यांतून छपरावर १०० किलोवॉटचे सौर पॅनेल बसवावेत, नवी भट्टी घ्यावी की वाळू भाजून पुन्हा वापरण्याचा थर्मल प्लांट घ्यावा, हा आपला प्रश्न आहे.

मी सत्तावीस वर्षे ओतकामात आहे. त्यांतली पहिली काही वर्षे क्युपोलावर (कोकच्या भट्टीवर) गेली आणि पुढची सगळी विजेच्या इंडक्शन भट्टीवर. गेली बारा वर्षे गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल-हातकणंगले पट्ट्यातील कारखान्यांत विजेचा आणि मालाचा हिशोब तपासण्याचे काम करतो. माझे मत असे आहे की या तिन्हींपैकी एकही गोष्ट आज विकत घेऊ नये. एक टन चांगले कास्टिंग गाडीत चढवण्यासाठी आपण किती टन लोखंड वितळवता, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पत्रात कोठेही नाही. आपण ‘टनाला ६०० युनिट’ असे लिहिले आहे, तो आकडा भट्टीतून निघालेल्या रसाचा, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा आहे. गिऱ्हाईक रस विकत घेत नाही.

हिशोब करून दाखवतो. १००० किलो रस ओतला आणि यील्ड ६० टक्के असेल, म्हणजे रनर (रस वाहून नेणारी वाट), रायझर (आकुंचन भरून काढणारा जादा रसाचा साठा) आणि ओतण्याचा कप वजा जाता कास्टिंग ६०० किलो राहिले, तर त्यातून ८ टक्के रिजेक्शन (नाकारलेला माल) गेल्यावर हाती ५५२ किलो माल उरतो. म्हणजे विकलेल्या टनामागे नुसते वितळवण्याचे १०८७ युनिट झाले. आता भट्टी आहे तशीच ठेवून यील्ड ६५ टक्क्यांवर आणि रिजेक्शन ५ टक्क्यांवर आणले, तर हाच आकडा ९७२ होतो. टनामागे ११५ युनिट वाचले. २०० टनांवर ते महिन्याला २३ हजार युनिट होतात आणि सर्व आकार धरून युनिटला ९ रुपये मानले, तर दोन लाखांच्या पुढे रक्कम जाते. आपल्याकडे १०० किलोवॉटचे सौर पॅनेल महिन्याला सरासरी सुमारे १२ हजार युनिट देतात, तेही पावसाळ्यातली घट वर्षभरात पसरवून. आपला एकूण वापर महिन्याला पावणेतीन लाख युनिटांच्या आसपास असणार, म्हणजे सौर विजेचा वाटा चार-साडेचार टक्के होईल. तो कमी आहे म्हणून नको, असे मी म्हणत नाही. परंतु जी वीज वाया जाणाऱ्या लोखंडात घालायची आहे तिच्यासाठी आधी पॅनेल बसवणे हा उलटा क्रम आहे.

यील्ड वाढवता येईल का, हे आपल्या मालाच्या आकारावर अवलंबून आहे. जाड-पातळ भिंती एकत्र आलेल्या हाउसिंगला आणि सरळ साध्या प्लेटला एकच नियम लावता येत नाही. तरीही ग्रे आयर्नच्या जुन्या पॅटर्नमध्ये जागा असते, आणि ती का असते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. ग्रे आयर्न घट्ट होताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो आणि तो फुगतो. हे फुगणे आकुंचनाची बरीचशी भरपाई स्वतःच करते. मात्र ती भरपाई कास्टिंगच्या आत राहण्यासाठी साचा टणक असावा लागतो. साचा मऊ असेल तर रस त्याची भिंत बाहेर ढकलतो, फुगण्याचा फायदा वाळूत जिरतो आणि आत पोकळी राहते. मग कोणीतरी रायझर मोठा करतो. पुढच्या पिढीला त्या रायझरचे कारण माहीत नसते, पण त्याला हात लावायचे धाडसही होत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक फौंड्र्यांमध्ये मोठे रायझर हे अशा जुन्या मऊ साच्यांची आठवण म्हणून उभे आहेत.

एक उदाहरण जवळून सांगतो. एका कारखान्यात पंपाचे १८ किलोचे केसिंग होते आणि त्यासाठी साच्यात ३१ किलो रस जात होता, म्हणजे यील्ड ५८ टक्के. आम्ही प्रथम रायझरला हात लावलाच नाही. आठवडाभर मोल्डिंग मशीनपाशी उभे राहून हार्डनेस टेस्टरने साच्यांच्या उभ्या भिंती तपासल्या, तेव्हा वरचा पृष्ठभाग टणक आणि खोल कोपरे मऊ, असे चित्र दिसले. वाळूतली ओल आणि हवेचा दाब सुधारल्यावर कोपरे सावरले. त्यानंतर रायझर लहान करून त्याभोवती उष्णता धरून ठेवणारी स्लीव्ह घातली. पहिल्या फेरीत फ्लँजच्या (जोडणीच्या कडेच्या) मुळाशी श्रिंकेज (आकुंचनाची पोकळी) आले; चार पीस कापून पाहिले आणि चारही खराब निघाले. पॅटर्नवाल्या मिस्त्रींनी तेथे चिल (रस लवकर गोठवणारा धातूचा तुकडा) बसवण्याचे सुचवले, त्याने ते थांबले. शेवटी २७ किलो रसात तेच केसिंग येऊ लागले. पीसमागे ४ किलो रस, म्हणजे जवळपास अडीच युनिट. महिन्याला ३ हजार पीस होते, तेव्हा ही एकाच मालावरची बचत ७ हजार युनिटांवर गेली. खर्च पॅटर्नच्या दुरुस्तीचा, स्लीव्हचा आणि दहा-बारा चाचण्यांचा होता. आज हे काम संगणकावरच्या सिम्युलेशनने लवकर होते आणि ते बाहेरून करून घेता येते. मात्र साच्याचा टणकपणा आधी सुधारल्याशिवाय सिम्युलेशनच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण ते गणित साचा न हलणारा आहे असे धरून चालते.

रिजेक्शनबाबत एक शंका मनात आहे. आपण ४ टक्के लिहिले आहे आणि मी वर हिशोबात ८ धरले, त्याचे कारण अनुभवात आहे. फेटलिंगनंतर (माल घासून साफ केल्यावर) आपल्या अंगणात बाजूला पडलेला माल रजिस्टरमध्ये येतो. गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये बोअर करताना उघडे पडलेले ब्लोहोल (वायूमुळे राहिलेले भोक) महिना-दीड महिन्याने डेबिट नोटच्या रूपाने अकाउंटच्या टेबलावर येते आणि फौंड्रीच्या रजिस्टरमध्ये ते कधीच चढत नाही. कृपया मागच्या सहा महिन्यांच्या डेबिट नोट काढा, त्यांतले वजन त्या-त्या महिन्याच्या ओतकामाला जोडा आणि मग टक्केवारी काढा. आकडा ४ वरच राहिला तर मला मनापासून आनंद होईल. वाढला, तर सर्वांत महाग रिजेक्शन कोणते ते आपल्याला कळेल. त्या पीसवर वितळवणे, फेटलिंग, वाहतूक आणि दुसऱ्याच्या मशीनचा वेळ, इतके सगळे खर्च झालेले असते.

आता भट्टी. लोखंड खोलीच्या तापमानापासून १५०० अंशांपर्यंत नेण्यास टनाला सुमारे ३९० युनिट एवढी उष्णता निसर्गनियमानेच लागते. आपले ६०० म्हणजे वरचे २१० कॉइलच्या पाण्यात, लायनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून), तोंडातून आणि थांबण्यात जातात. नवी भट्टी यातला काही भाग कमी करील. आपली भट्टी फार जुनी असेल, पॅनेल वारंवार बंद पडत असेल किंवा क्षमता अपुरी पडत असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. परंतु तोंडातून आणि थांबण्यात जाणारा भाग नव्या भट्टीतही तसाच जाईल, कारण तो माणसांच्या आणि साच्यांच्या वेळापत्रकाचा आहे.

हे मी प्रत्यक्ष मोजले आहे. एका रात्रपाळीत मी भट्टीपाशी स्टॉपवॉच आणि मीटरची वही घेऊन बसलो होतो. रस १४५० अंशांवर तयार झाला, लान्स बुडवून तापमान घेतले, नमुना पाठवला आणि मग सगळे थांबले. ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, साचे झालेत, कोअर यायचेत.’ कोअर यायला वीस मिनिटे लागली. तेवढ्या वेळात रस त्याच तापमानावर राखण्यासाठी ३० युनिट गेले. भट्टीचे झाकण मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले होते आणि त्याच्यावर जमलेली धूळ पाहता ते कित्येक दिवस हललेले नव्हते. एक टनाच्या भट्टीचे तोंड अर्ध्या मीटर व्यासाचे धरले तर १४५० अंशांवर उघड्या रसातून नुसत्या उष्णतेच्या किरणांवाटे ३० ते ५० किलोवॉट उष्णता छपराकडे जाते. पृष्ठभागावर मळी (रसावर तरंगणारी घाण) किती आहे त्यावर तो आकडा बदलतो. झाकण जड होते, एकट्याला उचलत नव्हते आणि चार्ज (वितळवायचा कच्चा माल) टाकताना आड येत होते, म्हणून ऑपरेटरने ते बाजूला ठेवले होते. त्यात त्याचा दोष नव्हता. हायड्रॉलिकने सरकणारे झाकण बसवले आणि कोअर तयार असल्याची पाटी फिरल्याशिवाय शेवटचा चार्ज टाकायचा नाही असा नियम केला, तेव्हा टनामागचे युनिट महिन्याभरात खाली आले.

तापमानाचेही असेच आहे. ओतताना साचा अर्धवट भरू नये म्हणून भट्टीतून रस ३० अंश जास्त तापवून काढण्याची सवय अनेक ठिकाणी असते. त्यासाठी टनामागे सुमारे १० युनिट जास्त लागतात, लायनिंग लवकर झिजते आणि गॅसचे दोषही वाढतात. ही सवय लॅडल (रस ओतण्याचे भांडे) थंड असते म्हणून लागलेली असते. लॅडल बर्नरवर लालसर होईपर्यंत तापवली आणि वर झाकण ठेवले की ते ३० अंश मागण्याचे कारणच उरत नाही. चार्जमध्ये परत जाणारे रनर-रायझर वाळूसकट भट्टीत टाकणे हीदेखील अशीच गळती आहे. ती वाळू वितळवायला वीज लागते, तिची मळी होते आणि मळी काढताना भट्टीचे तोंड पुन्हा उघडे राहते. एकदा शंभर किलो रनर शॉट ब्लास्टिंगच्या आधी आणि नंतर तोलून पाहा.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सर्वत्र लिहिले जाते आणि तरीही काम होत नाही. रविवारी सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि तो किती मिनिटे लोडवर व किती मिनिटे अनलोडवर राहतो ते मोजा. दहा मिनिटांत तीन मिनिटे लोडवर असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा गळत आहे. ७ बारच्या लाइनवर ३ मिलिमीटरचे एक भोक साधारण साडेतीन किलोवॉट खाते; आपल्या दोन पाळ्यांच्या कामात ते वर्षाला सुमारे १७ हजार युनिट होतात, म्हणजे आपल्या नियोजित सौर पॅनेलांची दीड महिन्याची कमाई. फेटलिंगमधल्या कामगारांना अंगावरची धूळ हवेच्या पाइपने झटकू देऊ नका, हे विजेसाठी सांगतोच, पण त्याहून जास्त त्यांच्या फुप्फुसांसाठी सांगतो. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे आत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

थर्मल प्लांटच्या बाबतीत माझे उत्तर आपल्या परिस्थितीपुरते स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. तो प्लांट रेझिनने (रासायनिक चिकट द्रव्याने) बांधलेल्या वाळूसाठी उत्तम आहे, कारण रेझिन जळून जाते आणि दाणा मोकळा होतो. बेंटोनाइट जळत नाही. ते दाण्यावर भाजून बसते आणि त्याला घासून काढावे लागते, त्यामुळे ग्रीन सँडसाठी (बेंटोनाइटच्या ओल्या वाळूसाठी) थर्मलबरोबर मेकॅनिकल घासणीही लागते. शिवाय प्लांट पूर्ण क्षमतेने चालला नाही तर टनामागे गॅस फार जातो आणि आपल्याकडची टाकाऊ वाळू त्याला दिवसभर पुरणार नाही. आसपासच्या पाच-सात कारखान्यांनी मिळून अशी सोय वापरली तर गणित बदलते. तेथे वाहतुकीचे अंतर आणि सगळ्यांची वाळू एकाच जातीची आहे का, हे दोन मुद्दे निर्णायक ठरतात. तोपर्यंत आपल्या सँड प्लांटमध्ये धूळ ओढणारी यंत्रणा नीट चालते का आणि परत येणारी वाळू मिक्सरमध्ये जाताना किती गरम असते, हे पाहा. वाळू ५० अंशांच्या वर असली तर घातलेले पाणी साच्यापर्यंत टिकत नाही, साचा कधी कोरडा तर कधी ओला होतो, रिजेक्शन वाढते आणि वाळू बिघडली असे समजून नवी वाळू ओतली जाते. तेवढीच जुनी वाळू मग बाहेर टाकावी लागते. टाकाऊ वाळूचा आकडा कमी करण्याची वाट येथून जाते.

आता गिऱ्हाइकाच्या कार्बनच्या रकान्याकडे वळतो. आपल्या देशातील ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. आपले एकूण युनिट विकलेल्या टनामागे १४०० असतील, तर विजेपोटी टनाला ९८० किलो, म्हणजे किलोमागे जवळपास एक किलो झाला. पण याच्या शेजारी पिग आयर्न (खनिजापासून काढलेले कच्चे लोखंड) ठेवून पाहा. ब्लास्ट फर्नेसमध्ये एक टन पिग तयार होताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या चार्जमध्ये पिग २५ टक्के असेल आणि ते १५ टक्क्यांवर आणता आले, तर त्या एका बदलाचा कार्बनवर होणारा परिणाम १०० किलोवॉट सौर विजेच्या परिणामापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्या जागी स्टील स्क्रॅप, कार्बुरायझर (कार्बन वाढवणारे द्रव्य) आणि फेरोसिलिकॉन घालून रस जमवावा लागतो. येथे घाई करू नका. स्क्रॅपमधून मँगनीज, क्रोमियम किंवा शिसे आले तर कडकपणा आणि ग्रॅफाइट दोन्ही बिघडतात, नायट्रोजन जास्त असलेला स्वस्त कार्बुरायझर बारीक भोके देतो आणि पिगमुळे मिळणारी ग्रॅफाइटची बीजे कमी झाल्यामुळे इनॉक्युलेशन (रसात बीजे तयार करणारे द्रव्य मिसळणे) नीट करावे लागते. आपल्याकडे स्पेक्ट्रोमीटर (धातूतली मूलद्रव्ये मोजणारे यंत्र) आहे की नमुने बाहेर पाठवता, हे आपण लिहिलेले नाही. स्पेक्ट्रोमीटर नसेल तर ६० लाखांतली पहिली मोठी खरेदी मी तीच सुचवीन.

गिऱ्हाइकाचा माल पुढे युरोपात जात असेल तर आणखी एक गोष्ट. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीची नोंदींपुरती अवस्था १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली आणि प्रत्यक्ष आकारणीची अवस्था १ जानेवारी २०२६ पासून आहे. ती कोणत्या मालाला लागू होते हे सीमाशुल्काच्या कोडवर ठरते, माल लोखंडाचा आहे एवढ्यावरून ठरत नाही. आपला पीस कोणत्या कोडखाली जातो ते गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या आणि मगच त्या भीतीपोटी काही खर्च करा.

आतापर्यंतचे एकत्र करून पैशाचा क्रम सांगतो. पहिले तीन महिने भट्टी, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांट यांना वेगळे मीटर लावून रोजचा वापर लिहा आणि प्रत्येक हीटची (वितळवण्याच्या फेरीची) वेळ, तापमान आणि थांबणे नोंदवा. त्याच काळात सर्वांत जास्त टनाचे पाच पॅटर्न निवडून त्यांचे यील्ड प्रत्यक्ष तोलून काढा. झाकण, लॅडलचा बर्नर, हवेची गळती आणि साच्याचा टणकपणा ही कामे नोंदींची वाट न पाहता लगेच सुरू करता येतील आणि ती आपल्या रकमेच्या छोट्या भागात होतील. सौर पॅनेल त्यानंतर घ्या. छपराचा सांगाडा भार पेलतो का आणि भट्टीच्या धुराड्याची धूळ पॅनेलवर किती बसेल, हे आधी तपासा. विजेच्या दरात दिवसाच्या कोणत्या वेळेला सवलत आणि कोणत्या वेळेला अधिभार, हे वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक बदलत आले आहे, तेव्हा भट्टीची पाळी ठरवताना जुन्या सवयीवर न जाता ताजे बिल समोर ठेवा. महाराष्ट्रातील उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेवर बिल येते, त्यामुळे पॉवर फॅक्टर (तिच्यातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) थोडा घसरला तरी तो थेट युनिटांत दिसतो. भट्टीच्या पॅनेलचे हार्मोनिक्स (विजेच्या लहरींतील बिघाड) आणि कपॅसिटर एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्नावलीला उत्तर देण्याची मुदत या महिन्याअखेर आहे, असे आपण लिहिले आहे. विजेचा आकडा बारा महिन्यांची बिले आणि बारा महिन्यांची विक्री यांच्या भागाकाराने द्या आणि तो फक्त विजेचा आहे असे त्याच रकान्यात लिहा. पिगचा आकडा पुरवठादाराकडे मागितला आहे असे लिहा आणि आजच मागा. टाकाऊ वाळूसाठी या आठवड्यापासून बाहेर जाणारी प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावरून न्या. चार आठवड्यांचे वजन हाती नसेल तर ‘मोजणी सुरू आहे’ एवढेच लिहा, अंदाजाचा आकडा देऊ नका, कारण पुढच्या वर्षी त्याच आकड्याशी आपली तुलना होणार आहे. आणि डेबिट नोटांचा हिशोब झाला की रिजेक्शनचा जो आकडा निघेल तो मला जरूर कळवा. भट्टीचे कोटेशन त्यानंतर एकत्र बसून पाहू.